सत्ताविभाजन आणि नियंत्रण-संतुलन : अमेरिकन संविधानामागील विचार

३.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास
• माँटेस्क्यूने केलेली सत्ताविभाजनाची मांडणी सांगता येईल.
• मॅडिसनने तिला दिलेले वळण स्पष्ट करता येईल.
• १९५२ च्या पोलाद कारखान्यांच्या खटल्याच्या आधारे हे तत्त्व व्यवहारात कसे चालते, ते तपासता येईल.

३.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, सत्ताविभाजन म्हटले की कायदे करणारे, ते राबवणारे आणि न्याय देणारे असे तीन स्वतंत्र कप्पे आपल्या डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेच्या संविधानाचे पहिले तीन अनुच्छेद अनुक्रमे काँग्रेस, राष्ट्राध्यक्ष आणि न्यायालये यांविषयी असल्याने हे चित्र अधिकच पक्के होते. परंतु तेच संविधान राष्ट्राध्यक्षाला विधेयकावर नकाराधिकार देते, तहांना व उच्चपदांवरील नेमणुकांना सिनेटची संमती आवश्यक ठरवते आणि महाभियोगाच्या वेळी सिनेटलाच न्यायनिवाडा करायला सांगते. सत्ता विभागायची आणि पुन्हा काही अंशी मिसळायची, हा विरोधाभास आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधणे हा प्रस्तुत घटकाचा हेतू आहे.

३.३ माँटेस्क्यूची मांडणी

फ्रेंच विचारवंत माँटेस्क्यू याने १७४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेचा दाखला देऊन शासनाच्या तीन सत्तांचा विचार केला. कायदा करणारा आणि तो राबवणारा एकच असेल, तर तो जुलमी कायदे करून ते जुलमानेच राबवील. न्याय देणाराच कायदे करू लागला, तर नागरिकाचे जीवित व स्वातंत्र्य त्याच्या मर्जीवर राहील. सत्ताधारी सज्जन आहे की दुर्जन, हा येथे मुख्य प्रश्न नाही. सत्तेची रचना कशी आहे, यावर नागरिकाचे स्वातंत्र्य अवलंबून असते, हा त्याच्या विचाराचा गाभा होय.

३.४ मॅडिसनचे उत्तर

फिलाडेल्फिया येथे १७८७ मध्ये तयार झालेल्या संविधानावर विरोधकांनी आक्षेप घेतला की, त्यात तिन्ही सत्तांची सरमिसळ झाली आहे. जेम्स मॅडिसनने १७८८ मध्ये 'फेडरॅलिस्ट' लेखमालेतील ४७ ते ५१ क्रमांकांच्या लेखांत या प्रश्नाचा परामर्श घेतला. त्याच्या युक्तिवादाच्या तीन पायऱ्या आपण लक्षात घ्याव्यात.

पहिली पायरी : एका शाखेची संपूर्ण सत्ता दुसऱ्या शाखेच्या संपूर्ण सत्तेसह एकाच हाती जाणे, हे माँटेस्क्यूला धोक्याचे वाटत होते. एका शाखेचा दुसरीच्या कामात अंशतः सहभाग असणे त्याला अमान्य नव्हते.

दुसरी पायरी : शाखांच्या सीमा केवळ कागदावर आखून भागत नाही. स्वातंत्र्यानंतर अनेक राज्यांनी आपल्या संविधानांत विभाजनाचे तत्त्व नमूद केले होते; तरीही तेथील विधिमंडळांनी इतर शाखांच्या अधिकारांवर अतिक्रमण केले.

तिसरी पायरी : म्हणून प्रत्येक शाखेच्या हाती स्वसंरक्षणाची साधने हवीत आणि ती वापरण्याची इच्छाही पदाधिकाऱ्यास असावी. व्यक्तीची महत्त्वाकांक्षा तिच्या पदाच्या अधिकाराशी जोडली, की एकाची महत्त्वाकांक्षा दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेला आवर घालते.

आता प्रास्ताविकातील विरोधाभास उलगडतो. माणसे वेगळी ठेवली जातात : काँग्रेसच्या सदस्याला सदस्यत्व राखून संघराज्याच्या शासनात अन्य पद घेता येत नाही. अधिकार मात्र काही अंशी मिसळले जातात : राष्ट्राध्यक्षाने विधेयक नाकारले, तर दोन्ही सभागृहे दोन-तृतीयांश बहुमताने ते पुन्हा संमत करू शकतात. अशी मिसळण विभाजनाचे रक्षण करते. यालाच नियंत्रण आणि संतुलन असे म्हणतात.

३.५ एक कसोटी : पोलाद कारखान्यांचा खटला

कोरियन युद्ध चालू असताना एप्रिल १९५२ मध्ये अमेरिकेतील पोलाद कामगारांचा संप उंबरठ्यावर आला. युद्धसामग्रीचा पुरवठा थांबेल, या भीतीने राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी कारखाने ताब्यात घेण्याचा आदेश दिला. कारखानदार न्यायालयात गेले. २ जून १९५२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी आदेश अवैध ठरवला. न्यायमूर्ती ब्लॅक यांच्या मते, असा अधिकार देणारा कायदा काँग्रेसने केलेला नव्हता आणि राष्ट्राध्यक्षाने आदेशाद्वारे प्रत्यक्षात कायदाच केला होता. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी स्वतंत्र निकालपत्रात अधिक सूक्ष्म भेद केला : काँग्रेसची संमती असताना राष्ट्राध्यक्षाची सत्ता सर्वाधिक असते, काँग्रेस मौन असताना ती अनिश्चित असते आणि काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध ती सर्वांत क्षीण असते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. त्या वेळचे नऊही न्यायमूर्ती रूझवेल्ट किंवा ट्रुमन या एकाच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते. तरीही बहुमत ट्रुमन यांच्या विरोधात गेले. ट्रुमन यांनीही निकाल मान्य करून कारखाने परत केले. त्यानंतर झालेला संप सात आठवड्यांहून अधिक काळ चालला. स्वातंत्र्याच्या रक्षणाची अशी किंमत कधी कधी मोजावी लागते.

३.६ मर्यादा

पदाधिकारी आपल्या पदाशी निष्ठा ठेवील, हे मॅडिसनचे गृहीतक होते. राजकीय पक्ष बळकट झाल्यावर ही निष्ठा पक्षाकडे वळू शकते. राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेसचे बहुमत एकाच पक्षाचे असेल तर नियंत्रण सैल पडते. ते भिन्न पक्षांचे असतील तर कारभार अडून राहू शकतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच संदर्भात तुलना केली : अमेरिकन पद्धतीत स्थैर्य अधिक, तर संसदीय पद्धतीत शासनाची जबाबदारी अधिक. भारताच्या संविधानाच्या मसुद्यात जबाबदारीला प्राधान्य दिल्याचे त्यांनी सांगितले.

३.७ सारांश

अमेरिकन विचारात सत्ताविभाजन म्हणजे तीन बंद खोल्या नव्हेत. माणसे वेगळी ठेवून अधिकार अंशतः गुंफल्यामुळे प्रत्येक शाखेला दुसरीला रोखण्याचे बळ मिळते. मात्र रचना केवळ संधी देते. त्या संधीचा उपयोग करण्याची तयारी पदाधिकाऱ्यांनी दाखवावी लागते.

३.८ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. मॅडिसनच्या युक्तिवादाच्या तीन पायऱ्या स्वतःच्या शब्दांत लिहा.
२. पोलाद कारखान्यांच्या खटल्यात काँग्रेसने आधीच संमती दिली असती, तर जॅक्सन यांच्या वर्गीकरणानुसार काय फरक पडला असता?
३. भारतात मंत्र्याने संसदेचा सदस्य असणे आवश्यक असते. ही तरतूद अमेरिकन तत्त्वाहून कशी वेगळी आहे, ते सांगा.