माळावरचं गवत (भाग ७) : अडीच रुपयांची कापणी

बियांच्या गोळ्या कशा वळायच्या ते या आठवड्यात सांगणार होतो. पण कल्याणच्या एका वाचकांचं पत्र आलं आणि मी त्यातच गुंतलो. त्यांचे दोन प्रश्न आहेत. ठाणे जिल्ह्यात सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो, मग इथले माळ कोरडे कसे? आणि आज जिथे नुसती घाणेरी नि रानमोडी दिसते, तिथे कधी चांगलं गवत होतं, हे कशावरून?

पहिल्याचं उत्तर थोडक्यात देतो. हा पाऊस चार महिन्यांत पडून वाहून जातो. टेकड्यांवर कातळाच्या अंगावर वीतभर मुरूम, त्यात पाणी ठरणार कुठे? दिवाळी सरली की सगळं करपतं. पुढचे सात महिने तग धरतो तो गवताचा ठोंब. पाती वाळू देतो नि जीव मुळाशी राखतो.

दुसरा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात नाही. जानेवारी १९४५ मध्ये आपल्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. डहाणू-उंबरगावकडचे वारली तिथे आले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात, गवत कापणीच्या ऐन हंगामात, त्यांनी संप केला. मागणी काय होती? ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मेले. गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ वाचलेल्यांना हा लढा ठाऊक आहे. मी मात्र त्या ५०० पौंडांपाशी दर वेळी थांबतो. जे गवत पौंडावर तोलून कापलं जातं, ज्याच्या मजुरीसाठी माणसं जीव देतात, ते झुडपांच्या फटीत उगवलेलं चार काड्यांचं गवत नव्हे. मुंबईच्या गाड्यांचे घोडे आणि तबेल्यांतल्या म्हशी या जिल्ह्याच्या गवतावर पोसल्या. पवन्या, शेडा, डोंगरी, मारवेल ही आपली गवतं त्या काळी धंद्याचा माल होती.

यातून मला जे उमगलं ते गोळ्यांच्या आधी सांगायलाच हवं. त्या माळांवर दर वर्षी विळा फिरत होता. गवताबरोबर घाणेरीचं रोपटंही बोटभर असतानाच कापलं जाई, त्याचं झुडूप व्हायला सवडच मिळत नसे. गिऱ्हाईक गेलं, विळा थांबला. वाळलेलं गवत उभंच राहिलं, वणवे लागू लागले. वणव्यानंतर रानमोडी बुडापासून पुन्हा फुटते आणि मोकळी झालेली जागा धरते.

हे मी चूक करून शिकलो. टिटवाळ्याजवळच्या एका उतारावर आम्ही घाणेरी मुळासकट काढली, पवन्याचं बी पेरलं. पहिल्या पावसाळ्यात टाकळाच माजला, तो उपटला. तिसऱ्या वर्षी गवत कमरेला लागलं आणि आम्ही ते कौतुकाने तसंच उभं ठेवलं. फेब्रुवारीत वणवा आला. पुढच्या पावसात निम्म्या उतारावर रानमोडी.

आता तिथे मुरबाड रस्त्यावरचे एक म्हैसवाले मामा कापायला येतात. गवत फुकट, अट एकच ठेवली होती : बी झडेपर्यंत विळा लावायचा नाही. मामांनी मान हलवली. “फुलोऱ्यात कापलं तरच म्हैस तोंड लावते, दादा. बी झडल्यावर उरते ती काडी.” त्यांचं खरं होतं. फुलोऱ्यानंतर गवतातला कस उतरतो. पण सगळं फुलोऱ्यातच कापलं तर माळाला बी कुठून मिळणार?

शेवटी आम्ही उताराच्या मधोमध दगडांची ओळ लावली. यंदा उगवतीकडचा भाग मामांनी फुलोऱ्यात कापला. मावळतीकडचं बी झडल्यावर ते काडीही नेणार आहेत, गोठ्यात अंथरायला. पुढच्या वर्षी बाजू बदलायच्या.

गोळ्यांचं पुढच्या आठवड्यात. पवन्याचं बी गोळा केलं असेल, तर ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, घाम धरून कुजतं. कापडी पिशवीत, वाऱ्यावर टांगा.