लग्नाची कॅसेट आणि रुंदावलेली माणसे

आपल्या घरात १९८५ ते २००० च्या सुमारास एखादे कार्य झाले असेल, तर कपाटात किंवा ट्रंकेत काळी व्हिडिओ कॅसेट बहुधा पडून असेल. आज हयात नसलेले आजोबा त्या कॅसेटीत पंगतीतून फिरून जिलेबीचा आग्रह करताना दिसतात. भिंतीवर त्यांचा फोटो आहे, पण चालतेबोलते आजोबा एवढ्याच एका ठिकाणी उरले आहेत. तालुक्याच्या गावी स्टुडिओवाले अशी कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून देतात. ती घरच्या मोठ्या टीव्हीला लावली, की नातवंडे विचारतात, "आजोबा एवढे जाडे होते?"

आजोबा जाडे नव्हते. त्यांचे चित्र ओढून रुंद केलेले आहे.

असे का होते, ते समजून घेऊ. जुन्या टीव्हीची चौकट ४ : ३ या मापाची होती. म्हणजे रुंदी चार भाग, तर उंची तीन भाग. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, ते याच मापात. प्रभातचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' हा बोलपटही जवळजवळ याच आकाराचा. आजचा टीव्ही मात्र १६ : ९ आहे, लांबट. जुने चित्र या नव्या चौकटीत बसवायचे तर मार्ग तीनच. संगणकावरच्या ओपनशॉट या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांना बेस्ट फिट, क्रॉप आणि स्ट्रेच अशी नावे आहेत. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नावे थोडी वेगळी असतील, काम तेच.

फिट म्हणजे चित्र आहे त्या आकारात ठेवायचे. डाव्या-उजव्या अंगाला काळ्या पट्ट्या राहतात, प्रत्येकी पडद्याचा आठवा हिस्सा. स्ट्रेच म्हणजे ताणणे. सायकलच्या ट्यूबवर खडूने नाव लिहा आणि ट्यूब ओढा. अक्षरे जशी पसरतात तशी माणसे पसरतात. रुंदी एक तृतीयांशाने वाढते, उंची तेवढीच राहते. क्रॉप म्हणजे पडदा पूर्ण भरेपर्यंत चित्र मोठे करायचे आणि बाहेर गेलेले कापून टाकायचे. यात वरचा आठवा आणि खालचा आठवा हिस्सा जातो.

आता हा आठवा हिस्सा कुणाचा, ते पाहा. वरच्या कडेला वधूवरांमागे उभे असलेले मामा. खालच्या कडेला पुढे सतरंजीवर बसलेली पोरे आणि गुडघेदुखीमुळे उभी न राहिलेली आजी. मधले नवरा-नवरी कुठेच जात नाहीत. त्यांचे तर अल्बमही आहेत. कापली जातात ती कडेची माणसे, आणि त्यातल्या कित्येकांचे दुसरे चित्रण कुठेही नसते.

म्हणून स्टुडिओत देतानाच सांगावे, "चित्र ताणू नका, कापू नका, काळ्या पट्ट्या राहू द्या." काहीजण पट्ट्यांच्या जागी त्याच चित्राची धूसर नक्कल भरतात. त्याने बिघडत काही नाही, पण डोळा विनाकारण कडेला ओढला जातो. मला तर काळी पट्टीच बरी वाटते.

कोणी म्हणेल, एवढी जुनी कॅसेट, मोठी करून झकपक करून घेऊ. इथे थोडा हिशेब करावा. कॅसेट संगणकात उतरवताना आपल्याकडे साधारण ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे चित्र मिळते. आजच्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके असतात, म्हणजे बरोबर पाचपट. मूळ चित्रात एक ठिपका असेल तिथे सॉफ्टवेअर उरलेले चार अंदाजाने भरते. दुधात पाणी घातले तर माप वाढते, साय वाढत नाही. मोठे करून घेतले तरी ते पाहण्याच्या सोयीपुरते असू द्या. जपायची प्रत मूळ मापाचीच हवी.

आपल्या हातातल्या मोबाईलची गत याच्या उलट. फोन उभा धरून घेतलेले चित्रण टीव्हीवर लावले, तर पडद्याचा एक तृतीयांशाहूनही कमी भाग भरतो. पडदा भरायचा हट्ट धरला, तर चित्राचे दोन तृतीयांशांहून जास्त कापावे लागते. तेव्हा घरच्या टीव्हीवर पाहायचे कार्य, बैलपोळ्याची मिरवणूक, शेताचा देखावा हे फोन आडवा धरूनच घ्यावे. फोनवरच पाहायचे असेल तर उभा धरला तरी चालेल.

आणखी एक घोटाळा शब्दाचा आहे. "व्हिडिओ लहान कर" असे आपण म्हणतो, तेव्हा चौकट लहान करायची की फाईलचे वजन, ते स्पष्ट नसते. कृषी सहायकाला पानावरचे ठिपके दाखवायला व्हिडिओ पाठवायचा असेल, तर व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या रीतीने पाठवताना तो दाबून हलका केला जातो आणि बारीक ठिपके पुसट होतात. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ रूपात पोचतो.

आता, आधीच ताणलेली प्रत हाती आली असेल तर? कापलेले परत येत नाही. त्यासाठी मूळ कॅसेटच पुन्हा उतरवावी लागते. म्हणून ती टाकून देऊ नका. ताणलेले मात्र सरळ करता येते. सॉफ्टवेअरमध्ये रुंदी आणि उंचीचे आकडे असतात. ते साखळीच्या चिन्हाने जोडलेले असले तर आधी साखळी सोडवावी, म्हणजे एक बदलताना दुसरा हलणार नाही. मग उंची १०० ठेवून रुंदी ७५ करावी. बरोबर झाले की नाही, हे चेहऱ्यावरून ठरवू नये, कारण चेहरे तीस वर्षांत आपण विसरलेले असतो. चित्रात एखादी गोल वस्तू शोधावी: ओवाळणीचे ताट, बैलगाडीचे चाक, मांडवातला पंखा. ती वस्तू अगदी समोरून दिसेल तिथे चित्र थांबवून पट्टीने आडवी-उभी मोजावी. दोन्ही मापे जुळली, की ही प्रत वेगळ्या नावाने साठवावी आणि पहिली फाईल तशीच ठेवावी.