३९ म्हणजे किती ताप?

रात्री २ वाजता रूममेट तापाने फणफणलेली. नवाकोरा डिजिटल थर्मामीटर लावला, तर आकडा ३९! घाबरून आईला फोन. ‘‘३९? अगं, बिघडलंय ते. शंभरच्या पुढचं काहीतरी सांग!’’

आपली गंमतच आहे बघा. ऊन मोजायचं सेल्सिअसमध्ये, अंगातला ताप मात्र फॅरनहाइटमध्ये. मग बसले हिशेब करत. ३९ ची दुप्पट ७८. त्यातून त्याचाच दहावा भाग, म्हणजे ७.८ वजा. उरले ७०.२. त्यात ३२ मिळवले, १०२.२! झोपच उडाली. सकाळी थेट डॉक्टरांकडे.

आता थर्मामीटरच्या डबीवर मी स्केचपेनने लिहूनच ठेवलंय: ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४, ४० म्हणजे १०४.