कॉन्फियान्सची दुसरी चाकरी

मर्चंट नेव्हीत असताना हुगळीच्या मुखाबाहेर पायलटची वाट बघत नांगरून पडलो की मला हटकून केंट आठवायचं. ईस्ट इंडिया कंपनीचं हे भलंमोठं जहाज ७ ऑक्टोबर १८०० रोजी याच पाण्यात फ्रेंच कप्तान रोबेर सुरकूफने पकडलं. केंटवर चारशेहून जास्त माणसं होती, सुरकूफकडे त्याच्या निम्मीही नव्हती. त्याचं जहाज कॉन्फियान्स इतकं बुटकं, की त्याच्या लोकांना केंटच्या कडेवर भिंतीसारखं चढावं लागलं.

सुरकूफ चाचा नव्हता. त्या काळी युद्ध सुरू झालं की सरकार खासगी जहाजमालकांना शत्रूचा व्यापार लुटायचा परवाना देई. जहाज, तोफा, शिधा हा सगळा खर्च मालकांचा. पकडलेला माल न्यायालयाने वैध ठरवला की विकून पैसा वाटून घ्यायचा. शत्रूच्या हाती लागल्यावर चाच्याला फाशी होई, परवानेवाल्याला युद्धकैदी म्हणून वागवत. कॉन्फियान्स १७९७ मध्ये बोर्दोत बांधलेलं असंच वेगवान जहाज. शिकार गाठायला लागतो तोच वेग ताफ्याची राखण करायलाही लागतो, म्हणून अशी जहाजं हाती आली की ब्रिटिश नौदल ती आनंदाने ठेवून घेई.

४ जून १८०५ रोजी स्पेनच्या मूरोस बंदरात तसंच झालं. कॉन्फियान्स पुन्हा हिंदुस्थानाकडे निघण्याच्या तयारीत होतं. ब्रिटिश लेफ्टनंट जेम्स लुकास यो याने पन्नासेक खलाशांनिशी तिथला किल्ला घेतला आणि कॉन्फियान्सही. बक्षीस म्हणून त्यालाच ते जहाज मिळालं. नोव्हेंबर १८०७ मध्ये नेपोलियनचं सैन्य लिस्बनवर चालून येत असताना, पोर्तुगालच्या राजपुत्राला ब्राझीलला जायला राजी करू बघणाऱ्या ब्रिटिश वकिलाला शहरात पोचवलं ते कॉन्फियान्सनेच.

मला मात्र सगळ्यात मोलाचा वाटतो तो जानेवारी १८०९. दक्षिण अमेरिकेतली फ्रेंच वसाहत कायेन घ्यायला पोर्तुगीज फौज निघाली, तिच्या सोबतीला कॉन्फियान्स. यो जवळजवळ सगळे खलाशी घेऊन जमिनीवर लढायला उतरला होता. १३ तारखेला क्षितिजावर टोपाझ हे चाळीस तोफांचं फ्रेंच फ्रिगेट दिसलं. कॉन्फियान्सवर तेव्हा होता योचा धाकटा भाऊ जॉर्ज, जो नुसता मिडशिपमन म्हणजे शिकाऊ अधिकारी होता, आणि सोबत पंचवीसेक इंग्रज व वीसेक कृष्णवर्णीय माणसं. एवढ्यांत तोफा धड चालवणंही अशक्य. तरी त्याने शिडं उभारली आणि थेट फ्रिगेटच्या दिशेने निघाला.

एडनच्या आखातात मी नौदलाच्या सोबतीने ताफ्यातून गेलो आहे. रात्री पुढच्या युद्धनौकेचा दिवा दिसेनासा झाला की ब्रिजवर कुणी बोलत नाही. सोबतीच्या जहाजाचं अर्धं काम नुसतं दिसण्याचं असतं, हे मी तिथे शिकलो. म्हणून त्या पोराच्या धैर्यापुढे मी मनापासून नतमस्तक आहे. केंट घेताना सुरकूफपाशी निदान लढायला माणसं होती.

टोपाझने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी विजयी फौज कायेनमध्ये शिरली. कॉन्फियान्स १८१० मध्ये विकलं गेलं. टोपाझला तर २२ जानेवारी १८०९ लाच ब्रिटिशांनी ग्वादलूपजवळ पकडलं. कायेनसाठी आणलेली पिठाची पिंपं तेव्हाही त्याच्या पोटात होती.