‘येथील’ की ‘तेथील’? दूरच्या संगणकाला आज्ञा देताना

पूर्वीच्या पत्रांची सुरुवात ‘येथील सर्व क्षेम, तेथील क्षेम कळवावे’ अशी होत असे. पत्र लिहिणाऱ्याचे ‘येथे’ आणि वाचणाऱ्याचे ‘येथे’ ही दोन निराळी गावे आहेत, हे माणसाला समजावून सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र ते स्पष्ट सांगावे लागते. सांगताना एका चिन्हाची चूक झाली, तर भलत्याच माहितीवर बोळा फिरतो. एका संगणकावर बसून दुसऱ्या संगणकाला आज्ञा देणाऱ्या अनेकांनी हा अनुभव कधी ना कधी घेतलेला असतो.

आपण रोज वापरतो ती संकेतस्थळे ज्या सर्व्हरवर चालतात, त्यांच्यासमोर सहसा कोणी बसलेले नसते. त्यांची देखभाल दुरूनच होते आणि त्यासाठी ‘एसएसएच’ ही सुरक्षित जोडणी वापरतात. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठात संशोधन करणारे टाटू युलोनेन यांनी ती 1995 मध्ये तयार केली. विद्यापीठाच्या जाळ्यावरून पासवर्ड चोरीस गेल्याचे निमित्त त्यामागे होते. आज बहुतेक ठिकाणी वापरात असलेली ‘ओपनएसएसएच’ ही मुक्त आवृत्ती 1999 मध्ये आली.

दिलेल्या आज्ञेचा अर्थ लावतो तो ‘शेल’ नावाचा प्रोग्राम. स्टीफन बोर्न यांचा शेल 1979 मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. आजचा ‘बॅश’ हा त्याच घराण्यातला. या शेलमध्ये माहिती तात्पुरती ठेवण्यासाठी ‘व्हेरिएबल’ असतात. व्हेरिएबल म्हणजे नावाची चिठ्ठी लावलेला डबा. नावाआधी $ हे चिन्ह लिहिले, की शेल ते नाव काढून त्या जागी डब्यातील मजकूर ठेवतो आणि मगच आज्ञा अमलात आणतो.

घोळ होतो तो येथे. दूरच्या संगणकावर आज्ञा पाठवताना शेल एक नसतो, दोन असतात. एक आपल्या टेबलावरील संगणकातला, दुसरा दूरच्या सर्व्हरवरचा. आपल्याकडील डबे एसएसएचबरोबर आपोआप पलीकडे जात नाहीत. जातो तो केवळ आज्ञेचा मजकूर. तेव्हा $ चिन्हाचा अर्थ कोणत्या शेलने लावायचा, हा खरा प्रश्न आहे. त्याचा निर्णय अवतरणचिन्हे करतात.

एक उदाहरण घेऊ. (समजण्यास सोपे जावे म्हणून ते देवनागरीत दिले आहे, प्रत्यक्षात आज्ञा आणि व्हेरिएबलची नावे रोमन लिपीतच टंकित करावी लागतात.) सर्व्हरवरील ‘साठा’ या फोल्डरमध्ये महिन्यामहिन्याच्या प्रती आहेत आणि त्यांपैकी मार्चची प्रत काढून टाकायची आहे. आपल्या स्क्रिप्टमध्ये ‘जुना’ या व्हेरिएबलची किंमत ‘मार्च’ आहे. आज्ञा अशी लिहिली:

एसएसएच सर्व्हर 'आरएम -आरएफ /साठा/$जुना'

एकेरी अवतरणातील मजकुराला आपला शेल हात लावत नाही. तो जसाच्या तसा पलीकडे जातो. पलीकडच्या शेलकडे ‘जुना’ नावाचा डबाच नसतो. परंतु तो तक्रार करीत नाही. जो डबा नाही तो रिकामा आहे, असे समजून पुढे जातो. उरते ‘/साठा/’ एवढेच, आणि मार्चबरोबर वर्षभराच्या सर्व प्रती नाहीशा होतात. हीच आज्ञा दुहेरी अवतरणात लिहिली असती, तर ‘मार्च’ हा शब्द येथेच भरला गेला असता आणि पलीकडे ‘/साठा/मार्च’ असा नेमका पत्ता पोहोचला असता.

मग नेहमीच दुहेरी अवतरण वापरावे काय? तसेही नाही. दहा सर्व्हरना त्यांचे नाव विचारणारी स्क्रिप्ट आपण लिहिली आणि नाव शोधणारी उपआज्ञा $ चिन्हासह दुहेरी अवतरणात ठेवली, तर ती येथेच चालते. दहाही वेळा उत्तर येते ते आपल्याच संगणकाचे नाव! अशा वेळी जे चिन्ह पलीकडे उलगडायला हवे, त्याच्या आधी बॅकस्लॅश, म्हणजे उलटी तिरपी रेघ द्यावी. एकाच आज्ञेत ‘येथील’ आणि ‘तेथील’ अशा दोन्ही किमती हव्या असतील, तेव्हा दुहेरी अवतरण आणि बॅकस्लॅश यांचा हा मेळ उपयोगी पडतो.

दुसरा धोका किमतीतच दडलेला असतो. येथे भरलेला मजकूर पलीकडचा शेल पुन्हा नव्याने वाचतो. फोल्डरचे नाव ‘मार्च हिशेब’ असे दोन शब्दांचे असेल, तर त्याला ती दोन निराळी नावे वाटतात. त्या किमतीत अर्धविराम असेल, तर त्यापुढील मजकूर स्वतंत्र आज्ञा म्हणून चालतो. ती किंमत एखाद्या अनोळखी माणसाने संकेतस्थळावरील अर्जात भरलेली असेल, तर सर्व्हरच्या किल्ल्या त्याच्या हाती दिल्यासारखे होते. बॅशमधील ‘प्रिंटएफ’ या आज्ञेला ‘%क्यू’ हा संकेत दिला, की ती अशा किमतीला आवश्यक ती चिन्हे जोडून देते आणि पलीकडचा बॅश ती अखंड वाचतो.

रिकामा डबा काय करू शकतो, याचे एक उदाहरण जानेवारी 2015 मध्ये जगासमोर आले. लिनक्सवरील ‘स्टीम’ या खेळांच्या प्रणालीतील एका स्क्रिप्टमध्ये स्वतःच्या फोल्डरचा पत्ता व्हेरिएबलमध्ये ठेवून तेथील फायली पुसण्याची ओळ होती. एका वापरकर्त्याने ते फोल्डर दुसरीकडे हलवले होते. पत्ता सापडला नाही, व्हेरिएबल रिकामे राहिले आणि पुसण्याची आज्ञा थेट संगणकाच्या मुळापासून सुरू झाली. त्याच्या फायली तर गेल्याच, शिवाय जोडलेल्या बाह्य डिस्कवरील प्रतीही गेल्या. ही घटना एकाच संगणकावरील होती. दोन संगणक आणि दोन शेल असतील तेथे व्हेरिएबल रिकामे राहण्याची वाट आणखी एकाने वाढते.

यावर शेलमध्येच उपाय आहे. व्हेरिएबलचे नाव महिरपी कंसात लिहून त्यापुढे ‘:?’ ही दोन चिन्हे दिली, की किंमत नसल्यास शेल आज्ञा चालवण्याऐवजी तक्रार करून थांबतो. मात्र हा पहारा जेथे अर्थ लावला जाणार तेथेच बसवावा लागतो. आपल्या स्क्रिप्टच्या आरंभी ‘सेट -यू’ लिहिले, तर अस्तित्वात नसलेल्या नावांवरचा पहारा केवळ आपल्याच शेलपुरता राहतो. पलीकडच्या शेलला त्याची वार्ताही नसते.

सर्वांत सोपी दक्षता मात्र एका शब्दाची आहे. संपूर्ण आज्ञेच्या आधी ‘इको’ हा शब्द लिहून ती एकदा चालवावी. आज्ञा पलीकडे जात नाही. जाणारा मजकूर केवळ पडद्यावर उमटतो. तेथे ‘मार्च’ दिसला तर किंमत येथे भरली गेली. ‘$जुना’ असेच दिसले तर ती तेथे शोधली जाणार. पत्र पाकिटात घालण्यापूर्वी एकदा वाचून पाहण्याची जुनी सवय येथेही उपयोगी पडते. कारण पुसण्याची आज्ञा एकदा पोहोचली, की ती परत बोलावता येत नाही.