पंचनाम्याआधीची पाहणी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच दगावली. बहुतेक बळी घर अंगावर कोसळून गेले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर माळवदाच्या मातीचे प्रचंड ओझे, अशी ती घरे होती.

अशी जुनी घरे आपल्या जालना जिल्ह्यातही खेडोपाडी उभी आहेत. जालन्याच्या कारखान्यांत लोखंडी सळई तयार होते. ती वाहणाऱ्या मजुराच्या गावाकडच्या घराला मात्र सळई नसते. त्यासाठी भूकंपच व्हावा लागतो असे नाही. झड लागली की भिंत पाणी पिते, फुगते आणि रात्री अंगावर येते.

म्हणून बंधू-भगिनींनो, उन्हाळ्यातच माळवदावरची जास्तीची माती उतरवा. भिंत फुगली असेल तर गवंड्याला दाखवा. आतली व बाहेरची बाजू सांधणारे लांब दगड त्याच्याकडून बसवून घ्या. तोवर त्या भिंतीलगत अंथरूण टाकू नका. रेशन कार्ड, जातीचा दाखला, बँकेचे पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत दाराजवळ ठेवा.

महिला मंडळाने धोक्याच्या घरांची, तिथल्या म्हाताऱ्या माणसांची व बाळंतिणींची यादी करावी. झड लागताच त्यांना पक्क्या बांधकामाच्या विहारात किंवा शाळेत हलवावे. ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्यावेत.

पंचनामा घर पडल्यावर होतो. आधीची पाहणी आपणच करायची असते.