राजा मैदान भरवतो
माती आणि माणसं : लेखांक 4

गेल्या आठवड्यात आपण आर. बी. बेंजामिनला लंडनमध्ये सोडलं. 1910 साली गामा पैलवान आणि त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष यांना विलायतेला नेणारा हा प्रमोटर. उंची कमी म्हणून गामाला स्पर्धेत घेईनात, तेव्हा त्याच्या नावानं खुलं आव्हान निघालं. 10 सप्टेंबरला पोलिश मल्ल झिबिस्को समोर आला, अडीच तासांतला बराचसा वेळ पालथा पडून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. 17 तारखेला पुन्हा बोलावलं, तर गडी आलाच नाही. त्याच महिन्यात इमामबक्षनं जॉन लेम या स्विस मल्लाला लोळवलं होतं. हा इमामबक्ष लक्षात ठेवा, कारण दोन वर्षांनी तो आपल्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आला.

1912 साली तिथलं खासबाग मैदान खुलं झालं. पहिली मोठी कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिउद्दीन यांची. इमामबक्ष जिंकला. मैदान भरवणारे होते कोल्हापूर संस्थानचे राजे शाहू महाराज. त्यांना प्रमोटर म्हटलेलं पेठेतल्या जुन्या मंडळींना आवडणार नाही, पण काम तेच होतं: जोड लावायची, इनाम ठेवायचं, बघणाऱ्यांची सोय करायची.

यातलं जोड लावणं सगळ्यात अवघड. आजही जत्रेच्या फडात बघा. कमिटीचा जाणता माणूस लंगोट लावलेली दोन पोरं समोरासमोर उभी करतो. खांद्याला खांदा लावून उंची बघतो, दंड चाचपतो, मग हळूच कानाकडे नजर टाकतो. कान मोडलेला असेल तर पोरगं दिसायला कोवळं असलं तरी तालमीत मुरलेलं आहे. मग एकाला बाजूला काढून दुसरा आणतो. जोड चुकली की कुस्ती चुटकीसरशी संपते आणि शिव्या पैलवानाला नाही, जोड लावणाऱ्याला पडतात.

इनामाच्या बाबतीत मात्र राजा आणि धंदेवाला यांच्या वाटा वेगळ्या. विलायती प्रमोटरचा जीव तिकिटाच्या गल्ल्यात. कुस्ती झाली, पैसे मोजले, संपलं. महाराजांचा खर्च वर्षभराचा होता. पैलवानाला दूध, तूप, बदाम लागतात ते मैदानाच्या दिवशी नव्हे, रोज. संस्थानानं तो खुराक उचलला, तालमींना आश्रय दिला, उत्तरेतले नामांकित मल्ल आणवले. स्वतः लंगोट कसलेला माणूस असल्यानं कुठं हात सैल सोडायचा हे त्यांना कळत होतं.

आणि जागा. 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज युरोपात गेले, तेव्हा रोमचं प्राचीन क्रीडागार बघून ही कल्पना सुचली असं सांगतात. 1907 ला काम निघालं, पुरं व्हायला पाच वर्षं गेली. खासबागेत वरच्या पायरीवर जाऊन बसा म्हणजे करामत कळेल. मधे तांबड्या मातीचा हौदा, भोवती उतरत्या पायऱ्या. पुढच्याचा फेटा आड येत नाही. पाठ लागली की नाही, हे पहिल्या रांगेला दिसतं तेवढंच शेवटच्या रांगेलाही दिसतं.

माझ्या मते इथंच कोल्हापूरची आणि पश्चिमेची वाट फुटली. तिकडं व्यावसायिक कुस्ती हळूहळू ठरवून खेळलेला तमाशा झाली. निकाल प्रमोटरच्या खिशात. आपल्याकडं अशा कुस्तीला नुरा म्हणतात, आणि तो शब्द शिवीसारखाच उच्चारतात. खासबागेत नुरा कधी झालीच नाही, असं मी म्हणणार नाही. पण चारही बाजूंनी जाणती माणसं बसलेली असताना ती लपवणं कठीण. झिबिस्को इथं पालथा पडून राहिला असता, तर पंचांच्या आधी पायऱ्यांनीच त्याला उठवलं असतं.

1922 मध्ये महाराज गेले. पुढं संस्थानही गेलं, राजाश्रयाच्या जागी वर्गणी, तिकीट आणि ठेकेदार आले. त्यांची गोष्ट पुढच्या मंगळवारी.

तोवर खासबागेत मैदान असेल तर दुपारीच जा. एक नंबरच्या कुस्तीला सगळेच येतात. जोड कशी लावतात ते पोरांच्या कुस्त्यांतच दिसतं.